विटांचे आठ थर

बडनेऱ्याला रेल्वेच्या चाळीत दादाच्या खोलीसमोर विटांचा एक ओटा होता. ओटा म्हणजे चुन्या-मातीनं बांधलेला नव्हे, नुसत्या एकावर एक रचलेल्या विटा. एका थराला चार, असे अकरा थर. येणारा-जाणारा विचारायचा, "पुंजाजी, घर बांधून राहिला का बे?" दादा म्हणायचा, "घर नाई, गुडघा बांधून राहिलो."

त्या ओट्यावर टेकायचं, डावं पाऊल जमिनीवर सपाट ठेवायचं आणि जेवढा गुडघा वाकेल तेवढं खाली बसायचं, असा त्याचा व्यायाम होता. गुडघा मोकळा होईल तसा एकेक थर काढायचा. शेवटचा थर निघाला की माणूस जमिनीवर. हिशोब अगदी सोपा. पण सात वर्षांत तीनच थर निघाले, आठ राहिले. त्या आठ थरांना मीही जबाबदार होतो. ते कसं, हे कबूल करायला मला सात वर्षं लागली. आम्हा कारकुनांना चूक लिहायला क्षण पुरतो आणि खोडायला जन्म.

आईबाप गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला वाढवलं ते पुंजाजीदादानं आणि मनकर्णावैनीनं. त्यांना मूलबाळ झालं नाही, त्यामुळे लाडही माझे आणि मारही माझाच. दादा रेल्वेत गँगमन होता. रूळ उचलायचे, स्लीपर बदलायचे, खडी ठोकायची. तो उन्हात रूळ ठोकायचा आणि मी सावलीत पाढे म्हणायचो. मी मॅट्रिक झालो, तेही तिसऱ्या झटक्यात, आणि अकोल्याच्या एका कचेरीत चिकटलो. तेव्हापासून दादाच्या लेखी सहदेव म्हणजे शिकलेला माणूस. मी जे बोलेन ते खरं. त्याचा हा एवढा विश्वास नसता, तर पुढचं काही घडलं नसतं.

छप्पन साली दसऱ्याला नागपूरला धम्मदीक्षा आहे, बाबासाहेब स्वतः देणार आहेत, ही बातमी आली तेव्हा चाळीतली आमची सगळी घरं हलली. वैनीनं लगेच अमरावतीहून पांढरी कापडं आणली. एक लुगडं, एक धोतर, सदऱ्याचं कापड. शिवायला बसतानाही ती हात धुऊन घ्यायची. दादा तिला चिडवायचा, "अवं, लगन हाय का तुहं?" ती म्हणायची, "लगनाले कोनं इचारलं व्हतं मले? हे मी माह्या मनानं करून राहिली."

सप्टेंबरात पाऊस लागून राहिला होता. आठ जण मिळून रूळ खांद्यावर नेत होते. ओल्या खडीवरून दादाचा पाय सटकला आणि रूळ त्याच्या डाव्या गुडघ्यावर आला. त्यात कोणाची चूक नव्हती. खडी ओली असते आणि रूळ जड असतो, एवढंच.

अमरावतीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. गुडघ्याच्या वाटीचे इतके तुकडे झाले होते, की डॉक्टरांनी वाटीच काढून टाकली आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. दादा शुद्धीवर आला तेव्हा त्यानं पहिलं विचारलं, "दसऱ्यालोक निंगन का हे?" डॉक्टर म्हणाले, दिवाळी होऊन जाईल. दादा भिंतीकडे तोंड करून पडला. जेवला नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मला जवळ बोलावलं.

"घरातला एक त जावाच. तू जाय. डोये भरून पाह्य, अन् मले येऊन सांग."

वैनीला मी म्हटलं, तुम्ही चला, दादापाशी कोणाला तरी बसवू. तिनं मान हलवली. "ह्यायले सोडून मी नाई येत." दसऱ्याच्या दिवशी दवाखान्यातला आमचा सगळा माणूस नागपूरला गेला होता, झाडूवाली बाईसुद्धा. वैनी एकटी खाटेशेजारी बसून होती.

मी गेलो. आता खरं सांगतो. मी फार मागे होतो. पुढे एक उंच माणूस होता, त्याच्या पागोट्यापलीकडे मला काही दिसलं नाही. आवाज कर्ण्यातून येत होता. सगळ्यांबरोबर मीही उभा राहिलो, हात जोडले आणि प्रतिज्ञा म्हटल्या. कोणाचं तरी पाऊल माझ्या पावलावर होतं, पण ते काढ म्हणावंसं वाटलं नाही. शेवटच्या दोन-चार प्रतिज्ञा मी नुसत्या ओठांनी म्हटल्या. एवढंच. आणि हे एवढंच पुष्कळ होतं.

पण दवाखान्यात दादा दाराकडे डोळे लावून बसला होता. त्याच्या डोळ्यांत अशी भूक होती, की मला माझं खरं फार थोडं वाटलं. मग मी तिखटमीठ लावलं. मी पुढे होतो म्हणालो. सगळं स्पष्ट दिसलं म्हणालो. आणि मग, का कोण जाणे, म्हणालो, "दादा, लाखो मानसं एकदम गुडघ्यावर आली. समद्याईनं दोन्ही गुडघे जमिनीले टेकवले. तीनदा." उचलली जीभ लावली टाळ्याला!

दादानं डोळे मिटले. मग त्यानं विचारलं, "जमीन कशी व्हती? कायी का मुरमाची?"

गँगमनचा प्रश्न. काळी माती की मुरूम, त्याला जमिनीचं कळायचं. मी पायाखाली पाहिलंच नव्हतं. मी म्हणालो, "कायी. मऊ."

"मऊ," दादा म्हणाला. प्लास्टरवर त्यानं हात ठेवला. "आपल्या बापाचे गुडघे जलमभर लोकाईच्या दारात टेकले सहदेवा. कोनी टेक म्हनलं, की टेकले. म्याही टेकले. आता एकडाव मी माह्या मनानं टेकीन. दोन्ही टेकीन. मंगच दीक्षा घीन."

वैनी त्याच्या पायाशी उभी होती. ती म्हणाली, "तुमी घेसान तवा मी घीन."

प्लास्टर निघालं तेव्हा पाय लाकडासारखा ताठ होता. डॉक्टरांनी सांगितलं, चालता येईल, पण पूर्ण वाकेल अशी आशा धरू नका. व्यायाम करा. दादानं त्यातलं 'व्यायाम करा' एवढंच ऐकलं. त्यानं जुन्या पडक्या खोलीच्या विटा मागून आणल्या आणि अकरा थर रचले.

ते दुखणं मी पाहिलं आहे. सकाळी वैनी वाळू तापवून फडक्यात बांधायची आणि गुडघा शेकायची. मग मोहाचं तेल चोळायची. मग दादा ओट्यावर टेकायचा, दोन्ही हातांनी विटा धरायचा आणि अंगाचा भार खाली सोडायचा. ओरडायचा नाही. कपाळावरची शीर तट्ट फुगायची आणि नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटप पडायचा. वैनी समोर बसून मोजायची. तीस झाले, की म्हणायची, "बस झालं आता." तो म्हणायचा, "अजून धा." हे रोज, दिवसातून तीनदा. पहिल्या वर्षी दोन थर निघाले, दुसऱ्या वर्षी एक. आठव्या थरावर गुडघा अडला तो अडलाच.

रेल्वेनं त्याला फाटकावर हलकं काम दिलं. गाडी आली की फाटक लावायचं, झेंडी दाखवायची. जुनी गँग ट्रॉलीवरून जाताना हाक मारायची आणि तो झेंडी उंच करायचा. गाडी गेली तरी त्याचा हात बराच वेळ वरच असायचा. रुळांवर उकिडवं बसून स्लीपरच्या कडेला बोट फिरवणारा माणूस आता स्टुलावर पाय लांब करून बसायचा. जेवायलाही स्टुलावर. लग्नाकार्यात पंगत बसली, की तो भिंतीला टेकून उभ्यानं खायचा. आमच्या लहानपणी गावात पंगतीबाहेर बसवत, तेव्हा त्याला राग यायचा. आता सगळे आपलेच, सरका सरका म्हणून जागा करणारे, आणि बसता येत नाही. याचा राग कोणावर काढायचा?

चाळीतली घरं एकेक करून बौद्ध झाली. नागपूरला न गेलेल्यांसाठी बडनेऱ्यातच एक कार्यक्रम झाला, मग आणखी एक. शाळामास्तर धर्मपाल दर पौर्णिमेला वंदना घ्यायचे. लोक गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून तीनदा प्रणाम करायचे. दादा मागे काठी धरून उभा राहायचा आणि त्या वाकलेल्या पाठींकडे बघायचा. वैनीही त्याच्याजवळ उभी.

धर्मपाल मास्तर समजावून थकले. "पुंजाजी, उभ्यानं घ्या. खुर्चीवर बसून घ्या. नागपूरला तरी कोण गुडघ्यावर होतं?"

"माह्या भावानं डोयानं पाह्यलं," दादा म्हणायचा. "थो मॅट्रिक हाय."

मास्तर ट्रेनिंग कॉलेजात शिकलेले. पण दादाच्या कोर्टात माझ्या तीन झटक्यांच्या मॅट्रिकपुढे त्यांचं काही चाललं नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, असा हा माणूस. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी तिथंच उभा होतो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चपलेचा अंगठा नीट करायला वाकलो.

एकोणसाठ साली डॉक्टरांनी भूल देऊन गुडघा जोरानं वाकवून पाहिला. आठवड्यानं दादा घरी आला तो सहाव्या थरावर बसला! मी त्या दिवशी तिथंच होतो. वैनीनं संध्याकाळी दोन थर काढून विटा भिंतीशी नेऊन ठेवल्या. गुणगुणत होती. तिला गाताना मी पहिल्यांदाच ऐकलं. पण दहा दिवसांनी गुडघा सुजला, ताप भरला, आणि ताप उतरला तेव्हा पाय पुन्हा पहिल्यासारखा. वैनीनं त्या आठ विटा परत आणल्या. एकेक वीट पदरानं पुसून जागेवर ठेवली. दादा बघत होता. मी अकोल्याला परत येताना मूर्तिजापूरपर्यंत रडत आलो. समोरच्या बाईनं मला केळं दिलं.

मी महिन्यातून एकदा बडनेऱ्याला जायचो. जेवण झालं की दादा तंबाखू मळत म्हणायचा, "सांग बरं थे."

काय सांगायचं ते विचारावं लागायचं नाही. मी सांगायचो. लोक किती होते, कपडे कसे पांढरे होते, आवाज कसा येत होता. मग तो थांबायचा आणि म्हणायचा, "अन् मंग गुडघे टेकले."

"टेकले."

"जमीन मऊ व्हती."

"मऊ."

तो गुडघ्यावर हात फिरवत दूर कुठंतरी बघायचा. त्याच्या तोंडावर तेव्हा जे यायचं, ते बघून माझी जीभ आतल्या आत वळायची. इतकी ओढ मी कोणाच्या तोंडावर पाहिली नाही. माणसं बायकोसाठी झुरतात, गावासाठी झुरतात. माझा भाऊ मी कल्पनेत रचलेल्या हातभर जमिनीसाठी झुरत होता.

दर दसऱ्याला वैनी ट्रंकेतून ती पांढरी कापडं काढायची. धुवायची, नीळ द्यायची, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा ठेवायची. त्रेसष्टच्या दसऱ्याला मी अंगणात बसलो होतो. तिनं लुगडं पिळलं आणि झटकलं, तर घडीच्या रेघेवर ते टर्रकन फाटलं. एकदाही न नेसलेलं लुगडं. ती ते हातात धरून बघत राहिली. मग हसली. "नेसून फाटलं असतं त काई वाटलं नसतं, भाऊजी."

मी म्हणालो, "वैनी, तुम्ही घेऊन टाका ना दीक्षा. दादा नाही म्हणणार नाही."

"थे नाई म्हनतच नाईत. थे त जाय म्हनतात." तिनं फाटलेली जागा मुठीत झाकली. "मले घ्याची हाय. लय मन हाय माहं. मैन्याच्या मैन्याले मी त्या बायाईले वाकताना पाह्यतो. पन त्यायले एकल्याले उभं ठिवून मी कशी वाकू?"

त्यानंतर गप्प राहणं शक्य नव्हतं. दादा ओट्यावर होता. आठव्या थरावर, विटा धरून, घामाघूम. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "दादा, मी गुडघे टेकले नव्हते."

त्यानं ऐकलं नसावं. मी पुन्हा म्हणालो, "मी उभा होतो. सगळे उभे होते. मी फार मागे होतो, मला काही दिसलंच नाही. गुडघ्याचं मी माझ्या मनानं सांगितलं. तुला बरं वाटावं म्हणून."

कपाळावरची शीर हळूहळू खाली बसली. तो माझ्याकडे बघत राहिला.

"तू उभा व्हता."

"हो."

"समदे उभे व्हते."

"हो दादा."

"जमीन?"

"मी पाहिली नाही."

मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. पण त्यानं दोरीकडे पाहिलं, जिथं वैनी फाटलेलं लुगडं वाळत घालत होती.

"अन् म्या हिले सात वर्सं उभं ठिवलं," तो म्हणाला. मग काठी ओढून घेत म्हणाला, "जाय तू. गाडीची येळ झाली."

गाडीला अजून तीन तास होते. मी गेलो आणि ते तीन तास स्टेशनवर बसून काढले.

सात महिने पत्र नाही. मी दोनदा बडनेऱ्यापर्यंत गेलो आणि स्टेशनवरूनच परत आलो. एवढं होईपर्यंत मला वाटायचं, खोटं बोलणं ही जिभेची गोष्ट आहे. ती पायात उतरते, हे मला तेव्हा कळलं. मग वैशाखात धर्मपाल मास्तरांच्या अक्षरातलं पोस्टकार्ड आलं. पुंजाजी सांगतात, बुद्धपौर्णिमेला ये. एवढंच.

रुळांच्या पलीकडच्या मैदानात मंडप होता. नागपूरहून भंतेजी आले होते. दादा पांढऱ्या धोतर-सदऱ्यात, सदरा आता पोटावर ताणलेला. वैनी त्याच लुगड्यात. फाटलेल्या जागी तिनं बारीक टाके घातले होते आणि घड्यांवर पिवळट रेघा राहिल्या होत्या. दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो पुढे गेला. मी त्याच्या मागच्याच रांगेत उभा राहिलो.

मास्तरांनी त्याच्यासाठी शाळेतली खुर्ची आणून ठेवली होती. दादानं ती काठीनं बाजूला सरकवली. प्रतिज्ञा त्यानं उभ्यानं घेतल्या, मोठ्या आवाजात, एकही न गाळता. शेजारी वैनीचा बारीक आवाज. मग प्रणामाची वेळ झाली. सगळे खाली गेले आणि दादा क्षणभर उभाच राहिला. वैनीही उभी होती.

मग त्यानं मागे न बघता काठी माझ्या हातात दिली. दोन्ही हात जमिनीला लावले. उजवा गुडघा टेकला. डावा पाय वाकेना, तो बाजूला लांब सरळ पसरला, शेजारच्या माणसाच्या अंगावर जाईल इतका. शेजारचा माणूस सरकला. दादाचं कपाळ खाली गेलं.

आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला वैनी खाली गेली. तिचे दोन्ही गुडघे धडधाकट होते. पण तिनं डावा तेवढा टेकला आणि उजवा पाय दादासारखाच ताठ बाजूला पसरला. पाय लुगड्यात अडकला नाही, तोल गेला नाही. दोघांचं कपाळ एकदम जमिनीला लागलं. दोन बाजूंना दोन सरळ पाय, आणि मध्ये ती दोघं. तीनदा.

मागाहून मी तिला विचारलं, हे तुम्हाला एकदम कसं जमलं? ती म्हणाली, "एकदम कसं जमन? हे फाटकावर गेले का मी घरात करून पाह्यत जावो. पाच वर्सं झाले."

"म्हणजे एकोणसाठपासून?"

"इटा परत ठिवल्या ना, त्या दिसापासून. सात वर्सं म्या त्या पायाले तेल लावलं. थो वाकनार नाई हे मले समजनार नाई का?" ती पंगतीच्या गडबडीत निघून गेली.

दादा मंडपाच्या खांबाला टेकून बसला होता. जमिनीवर. डावा पाय लांब पसरलेला, हातात तंबाखू. मी काठी घेऊन त्याच्याजवळ गेलो आणि समोर बसलो. सात महिन्यांनी आम्ही समोरासमोर होतो. तो 'सांग' म्हणाला नाही. यापुढे कधीच म्हणणार नव्हता. तेव्हा मीच विचारलं.

"दादा, जमीन कशी होती?"

तो विचारात पडला. तंबाखू मळता मळता थांबला.

"कडक हाय बे," तो म्हणाला. "मऊ-बिऊ काई नाई. रुळाजवळची जमीन, खडीच खडी."

मग त्यानं धोतर वर करून उजवा गुडघा माझ्यापुढे केला. तिथं एक खडा रुतून लाल खूण पडली होती. त्यानं माझं बोट धरलं आणि त्या खुणेवर ठेवलं.